मुक्त विज्ञान आणि क्लाउड यांची सांगड घालणारी माणसे हवीत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातील एखाद्या संशोधन संस्थेत नवा महासंगणक बसला की आपल्या दैनिकात त्याची ठळक बातमी येते, आणि ती यायलाच हवी. 1991 साली सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने ज्या शहरात ‘परम 8000’ उभा केला, त्या शहराला या गोष्टीचे अप्रूप असणे स्वाभाविक आहे. 26 सप्टेंबर 2024 रोजी पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील 11.77 पेटाफ्लॉप्स (महासंगणकाचा वेग मोजण्याचे एकक) क्षमतेचा ‘अर्का’ आणि जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठीचा ‘परम रुद्र’ यांचे एकाच दिवशी लोकार्पण झाले, तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला होता. मात्र यंत्र बसल्यानंतर प्रयोगशाळेतील पाच-सहा जणांचा गट प्रत्यक्षात काम कसे करतो, त्यांचा डेटा कुठे राहतो, त्यांनी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कोणाला चालवता येतो का, आणि विद्यार्थी पीएच.डी. मिळवून निघून गेल्यावर त्या कामाचे काय होते, याविषयी फारसे कुठे छापून येत नाही. शास्त्रीय संगणनाची व्यवस्था सांभाळण्यात माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे या प्रश्नाकडे आपल्या वाचकांचे, विशेषतः संस्थांचा कारभार पाहणाऱ्यांचे, लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या काही वर्षांत संशोधकांपुढे दोन नव्या अपेक्षा येऊन उभ्या राहिल्या आहेत. पहिली मुक्त विज्ञानाची, म्हणजे शोधनिबंध, त्यामागचा डेटा आणि प्रोग्राम शक्य तितके सर्वांना पाहता, तपासता आणि पुन्हा वापरता यावेत अशी. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान व तंत्रज्ञान या दोन विभागांनी डिसेंबर 2014 मध्येच शोधनिबंधांच्या मुक्त उपलब्धतेचे धोरण आणले होते, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने मुक्त विज्ञानाविषयीची शिफारस संमत केली. दुसरी अपेक्षा क्लाउडची, म्हणजे दूरच्या केंद्रातले संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याची. डेटा इतका वाढला आहे की तो आपल्या संगणकावर उतरवून घेण्याऐवजी तो जिथे आहे तिथेच जाऊन गणित करावे लागते. आपल्याकडे पहिल्या विषयाचे परिपत्रक ग्रंथालयाकडे जाते आणि दुसऱ्याचे संगणक केंद्राकडे. एकीकडून डेटा-संग्रहांवर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा होते, दुसरीकडून एखाद्या कंपनीचे प्रतिनिधी येऊन क्लाउडचे सादरीकरण करून जातात, आणि संशोधक गट दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखाच काम करू लागतो. माझे म्हणणे असे आहे की या दोन्ही गोष्टी एकाच कामाच्या बाजू आहेत, त्या एकत्रच शिकवल्या पाहिजेत, एकट्यादुकट्या विद्यार्थ्याऐवजी अख्ख्या गटाला शिकवल्या पाहिजेत, आणि त्यासाठी काही महिने त्या गटासोबत बसणारी माणसे संस्थांनी नेमली पाहिजेत.

हा विषय केवळ संशोधकांच्या सोयीचा नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. त्यानंतर बरोबर अकरा वर्षांनी, 30 जुलै 2025 रोजी, इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह ‘निसार’ श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्याचे रडार ढगांतून आणि काळोखातही पाहू शकते, त्याच्या दोन तरंगपट्ट्यांपैकी लांब तरंगांचा पट्टा झाडोऱ्यातूनही बऱ्याच अंशी जमिनीपर्यंत पोहोचतो, आणि दर 12 दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहून जमीन काही सेंटिमीटरने जरी सरकली असली तरी हा उपग्रह ते दाखवू शकतो. निसार असता तर माळीण टळले असते, असे मी म्हणणार नाही. मुसळधार पावसात अचानक सुटणारी दरड 12 दिवसांच्या फेरीत पकडता येईलच असे नाही. पण सह्याद्रीतले जे उतार वर्षानुवर्षे हळूहळू सरकत आहेत, त्यांची यादी करणे आता आवाक्यात आले आहे. ती यादी कोण करणार? पुण्यात भूविज्ञानाचे, हवामानाचे आणि सुदूर संवेदनाचे जाणकार आहेत, आणि डोंगर तर आपल्या दारातच आहेत.

अडचण डेटाच्या आकाराची आहे. निसारकडून दिवसाला सुमारे 80 टेराबाइटपर्यंत डेटा तयार होईल असा नासाचा अंदाज आहे. 100 एमबीपीएसच्या जोडणीवर त्यातला एका दिवसाचा डेटा उतरवायचा म्हटले तरी अखंड अडीच महिने लागतील. अर्थात कोणाही गटाला सगळ्या पृथ्वीचा डेटा नको असतो. तरीही घाटमाथ्याच्या एका पट्ट्याची दोन-तीन वर्षांची चित्रे जमवायची तर कपाटभर हार्ड डिस्क लागतात, आणि पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती आली की सगळे पुन्हा उतरवावे लागते. नासाच्या पृथ्वीविज्ञान विभागाने आपल्या डेटाचा मोठा भाग ॲमेझॉनच्या ओरेगॉनमधील क्लाउड केंद्रात हलवला आहे. तो इंटरनेटवरून कोणालाही विनामूल्य उतरवता येतो, पण त्याच केंद्रातला एखादा संगणक भाड्याने घेतला तर उतरवण्याचा प्रश्नच राहत नाही आणि हवा तेवढाच तुकडा थेट वाचता येतो. डेटा मुक्त आहे, पण त्याच्यापर्यंत जाण्याची रीत ठाऊक नसलेल्या गटाला त्या मुक्ततेचा उपयोग नाही.

आता आपल्याकडील प्रयोगशाळेत काय घडते ते पाहू. एका विभागात मी पाहिलेला प्रसंग सांगतो, कारण तो अपवाद नसून सर्रास घडणारा आहे. पाच वर्षे जमिनीच्या ओलाव्यावर काम करून एक विद्यार्थिनी परदेशी गेली. तिच्या जागी आलेल्या मुलाच्या हाती दोन हार्ड डिस्क पडल्या. त्यांत ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘सरांना दाखवलेले’ अशा नावांचे फोल्डर होते. मुख्य प्रोग्राम उघडला तर त्यातला प्रत्येक पत्ता तिच्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हचा. कोणत्या पावसाच्या आकड्यांना कोणती दुरुस्ती लावली होती, याचा उल्लेख प्रबंधात एका ओळीचा आणि प्रोग्राममध्ये शून्य. वापरलेल्या पायथन या संगणकभाषेतील एका लायब्ररीची (तयार प्रोग्रामसंचाची) आवृत्ती बदलल्यामुळे उरलेले भागही चालेनात. मुलगा हुशार होता आणि त्या विद्यार्थिनीनेही ईमेलवरून जमेल तेवढी मदत केली, तरी मूळ आलेख पुन्हा काढण्यात त्याचे पहिले वर्ष गेले. जनतेच्या पैशातून एकदा झालेले काम दुसऱ्यांदा करण्यासाठी ती शिष्यवृत्ती खर्ची पडली. यात त्या दोघांचा दोष मी मानत नाही. काम कसे मांडून ठेवायचे, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते, आणि त्यांच्या मार्गदर्शकांनाही ते कधी शिकायला मिळाले नव्हते.

नेमके इथेच क्लाउड आणि मुक्त विज्ञान एकमेकांच्या मदतीला येतात. क्लाउडमधला संगणक काही तासांपुरता भाड्याने घ्यायचा असतो. तो बंद केला की त्यावरचे बरेचसे पुसले जाते. त्यामुळे कोणती सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीची लागतात याची फाइल लिहावी लागते, प्रोग्राम गिटसारख्या, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत ठेवावा लागतो, डेटाचा पत्ता सर्वांना लागू पडेल असा द्यावा लागतो आणि मधले निष्कर्ष कुठे साठवायचे ते आधी ठरवावे लागते. जो गट हे सगळे करतो, त्याचे काम दुसऱ्याने तपासण्याजोगे आपोआपच होते. मग ते झेनोडोसारख्या मुक्त ऑनलाइन संग्रहात ठेवून त्याला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक घेणे हे तासाभराचे काम उरते. उलट, मुक्त विज्ञानाची शिस्त नसताना क्लाउडवर गेलेला गट जुनाच पसारा भाड्याच्या जागेत हलवतो, आणि त्या जागेचे भाडे तासागणिक वाढत राहते. एका गटाचा मोठा संगणक दिवाळीच्या सुटीत चालूच राहिला आणि महिनाअखेरीस आलेल्या बिलात त्यांच्या आकस्मिक खर्चाची वर्षभराची तरतूद संपली. त्यानंतर त्या विभागात क्लाउडचे नाव काढायची सोय उरली नाही. खर्चमर्यादा ओलांडण्याआधी इशारा देणारी सोय जवळपास प्रत्येक क्लाउड सेवेत असते आणि ती लावायला दहा मिनिटेही लागत नाहीत. पण ती दहा मिनिटे त्यांच्यासोबत बसणारे कोणी नव्हते.

आपला डेटा उघडा ठेवला तर दुसराच कोणी त्यावर निबंध छापून मोकळा होईल, ही भीती संशोधकांना वाटते आणि तिला मी मुळीच कमी लेखत नाही. विशेषतः नव्याने नोकरीला लागलेल्या प्राध्यापकाची बढती निबंधांच्या संख्येवर ठरत असेल, तर त्याने सावध राहणे समजण्यासारखे आहे. या भीतीवरचा तोडगा मात्र आपल्याच जिल्ह्यात आहे. खोडद परिसरातील जीएमआरटीच्या 30 अँटेनांनी केलेली निरीक्षणे ज्या संशोधकाच्या प्रस्तावावरून घेतली, त्याच्यासाठी 18 महिने राखीव असतात आणि त्यानंतर संग्रहातून सर्वांना उपलब्ध होतात. या व्यवस्थेचे फळ काय असते पाहा. 2010 ते 2012 या काळात या दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झच्या आसपास जवळजवळ सगळ्या दृश्य आकाशाचे सर्वेक्षण केले होते. ती मूळ निरीक्षणे घेऊन चार खगोलशास्त्रज्ञांनी नव्या, स्वयंचलित पद्धतीने त्यांवर पुन्हा प्रक्रिया केली आणि 2017 साली एकूण आकाशाच्या सुमारे 90 टक्के भागाचे नकाशे व सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. ते नकाशे आज जगभर वापरले जातात आणि प्रत्येक वेळी जीएमआरटीचे नाव घेतले जाते. निरीक्षणे संग्रहात नीट नोंदवलेली नसती, किंवा कोणाच्या तरी खोलीतल्या टेपवर पडून असती, तर हे झालेच नसते.

खुलेपणाची ही रीत पुण्याला नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली हाती घेऊन 1966 मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहिली, तर संपादकांनी स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठभेदही कोणत्या हस्तलिखितात आहेत त्या खुणांसह छापलेले दिसतात. संपादकांचा निर्णय न पटणाऱ्या वाचकाला स्वतः पडताळा घेता यावा, एवढी सोय त्यात आहे. शिवाजीनगरच्या हवामान विभागाने 1901 पासूनच्या पावसाचा, अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या चौकोनांत मांडलेला दैनंदिन डेटा आपल्या संकेतस्थळावर ठेवला आहे आणि देशभरातले विद्यार्थी तो वापरतात. डेटा देण्याची तयारी अनेक ठिकाणी आहे. उणीव आहे ती त्या डेटापासून निष्कर्षापर्यंतचा सगळा मार्ग उघड करण्याची.

संशोधक गटांना या वाटेवर कसे आणावे, याचा एक चांगला नमुना अमेरिकेत तयार झाला आहे. सागरी पर्यावरणाच्या अभ्यासक ज्युलिया स्टुअर्ट लाउंड्स यांनी 2018 साली सुरू केलेल्या ‘ओपनस्केप्स’ या उपक्रमाशी नासाच्या पृथ्वीविज्ञान डेटा केंद्रांनी 2021 पासून हातमिळवणी केली. या केंद्रांतील माणसे पूर्वी आपापल्या केंद्रापुरती मदत करत असत. ती एकत्र बसू लागली, एकमेकांना शिकवू लागली आणि क्लाउडवर येऊ पाहणाऱ्या संशोधकांसाठी समान धडे लिहू लागली. त्यांतूनच पायथनसाठी ‘अर्थॲक्सेस’ ही लायब्ररी पुढे आली, जिच्यामुळे नासाच्या डेटाचा शोध घेणे, लॉग-इन करणे आणि तो उतरवणे किंवा थेट क्लाउडमध्ये वाचणे ही कामे मोजक्या ओळींत होतात. मला त्यांच्या पद्धतीतील दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. प्रशिक्षणाला एकटा विद्यार्थी न येता त्याचे मार्गदर्शक आणि सहकारी असा गट येतो. आणि अनेक गट सुमारे दोन महिने, दर पंधरवड्याला एकमेकांना भेटत राहतात, मधल्या काळात प्रत्येक गट आपापसात बसून आपल्या कामाची पुढची वाट लिहून काढतो. प्रमुख संशोधक स्वतः त्या बैठकीत असल्यामुळे, फोल्डरांची नावे बदलण्यासारख्या किरकोळ वाटणाऱ्या कामालाही गटात मान मिळतो. आमच्याकडे मार्गदर्शक उद्‌घाटनाला येतात आणि चहापानानंतर निघून जातात. विद्यार्थी जे शिकतो ते परत गेल्यावर गटात रुजवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

हा नमुना पुण्याला जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण आपली परिस्थिती काही बाबतींत वेगळी आणि काही बाबतींत अधिक अनुकूल आहे. आयुका, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था, हवामानशास्त्राची दोन्ही मोठी ठिकाणे, सी-डॅक आणि विद्यापीठ ही सगळी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहेत. मायक्रोसॉफ्टचे ‘मध्य भारत’ नावाचे क्लाउड केंद्र 2015 पासून पुण्यातच आहे. क्लाउडवर आयुष्य काढलेले हजारो अभियंते हिंजवडी आणि खराडीत रोज काम करतात, आणि त्यांतले कित्येक विज्ञानासाठी आठवड्याचे काही तास आनंदाने देतील याची मला खात्री आहे. प्रत्येक संस्थेत दोन-तीन तरी माणसे अशी असतातच, ज्यांच्याकडे सगळे विद्यार्थी अडचण घेऊन जातात. कधी तो सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर असतो, कधी पोस्ट-डॉक करणारी संशोधिका, कधी ग्रंथालयातला तरुण सहायक. त्यांच्या कामाच्या वर्णनात ही मदत कुठेही लिहिलेली नसते, तिचे मूल्यमापन होत नाही आणि कंत्राट संपले की ती माणसे ज्ञान घेऊन निघून जातात. या माणसांना एकत्र आणून, त्यांच्या कामाच्या वेळेतला ठरावीक हिस्सा लेखी स्वरूपात या मदतीसाठी मोकळा करून, त्यांना संशोधन-सहायक अभियंता अशा एखाद्या पदाचा दर्जा द्यावा, ही माझी पहिली मागणी आहे.

या मंडळींनी महाविद्यालयांपर्यंतही पोहोचायला हवे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात. जुन्नर किंवा संगमनेरच्या महाविद्यालयात भूजलावर एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याकडे साधा लॅपटॉप असतो, त्यावर उपग्रहाची दोन चित्रे उघडली तरी तो अडकतो. हाच विद्यार्थी ब्राउझरमधून एखाद्या सामायिक ज्युपिटर हबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच प्रोग्राम लिहून दूरच्या संगणकावर चालवता येणाऱ्या व्यवस्थेवर गेला, तर पाषाणच्या संशोधकाच्या बरोबरीने तेच चित्र तपासू शकतो. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचा डेटा त्याला विनामूल्य आहे, अमेरिकेच्या लँडसॅटचा संग्रह 2008 पासून विनामूल्य आहे, आणि इस्रोच्या भूनिधी संकेतस्थळावरही बरेच काही मिळते. त्या मुलाला आपल्या गावातल्या विहिरी, बंधारे आणि पिके ठाऊक असतात, जे शहरातल्या प्रयोगशाळेला ठाऊक नसते. त्याच्यासाठी धडे मराठीत लिहिले जावेत, चूक झाल्याचा संदेश पडद्यावर आला तर काय करायचे हे मराठीत समजावलेले असावे, आणि शंका विचारण्यासाठी कोणीतरी ओळखीचे असावे, यात अवघड काहीच नाही.

दुसरी मागणी हिशेबाच्या नियमांविषयी आहे, आणि अनुभवाने सांगतो की बरेचसे गट इथेच अडतात. प्रकल्पाच्या अनुदानात ‘उपकरणे’ या शीर्षाखाली सर्व्हर घ्यायचा असेल तर मार्ग मळलेला आहे: कोटेशन मागवायची, खरेदी समितीपुढे ठेवायची, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून मागणी नोंदवायची, यंत्र आले की डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करायची. क्लाउडच्या बाबतीत रजिस्टरमध्ये नोंदवायला वस्तूच नसते. या महिन्यात किती वापर होईल हे आधी नक्की सांगता येत नाही, कोटेशनमधली रक्कम आणि बिलातली रक्कम जुळत नाही, काही सेवांचे पैसे परकीय चलनात आणि क्रेडिट कार्डावरून द्यावे लागतात, आणि 31 मार्चपर्यंतच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असल्याने न वापरलेल्या रकमेचे काय करायचे हा प्रश्न लेखापालाला पडतो. लेखापाल अडवणूक करतात असे मी म्हणणार नाही. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते. यावर मार्ग असा की इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सूचीबद्ध केलेल्या सेवादारांपैकी एकाशी संस्थेने, किंवा अनेक संस्थांनी मिळून, एकच करार करावा, प्रत्येक गटाला वार्षिक मर्यादा ठरवून द्यावी, आणि कोणत्या प्रकल्पाने किती वापरले याचा तपशील दर महिन्याला लेखा विभागाकडे आपोआप जावा. अनुदान देणाऱ्या विभागांनीही ‘क्लाउड व डेटा जतन’ असे स्वतंत्र शीर्ष अंदाजपत्रकाच्या नमुन्यात घालावे.

सगळेच क्लाउडवर न्यावे, असा माझा आग्रह नाही. मान्सूनची प्रारूपे चालवायला ‘अर्का’सारखा महासंगणकच हवा, एका एक्सेल फाइलीत मावणाऱ्या मोजमापांसाठी क्लाउडचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीच्या खास साधनांत अडकून पडले तर पुढे बाहेर येणे महागात जाते, कारण डेटा आत नेणे बहुधा फुकट असते आणि बाहेर काढण्याला पैसे पडतात; ओरेगॉन केंद्राच्या प्रसिद्ध दरानुसार 1 टेराबाइट बाहेर काढायला सुमारे 90 डॉलर लागतात. म्हणून मोठ्या फाइली तिथेच ठेवून फक्त निष्कर्ष खाली आणायची सवय लागली पाहिजे, आणि प्रोग्राम कुठेही चालेल अशा मुक्त साधनांत लिहिला गेला पाहिजे. त्याचप्रमाणे सगळे उघड करणेही योग्य नाही. रुग्णांची माहिती, सर्वेक्षणात उत्तरे देणाऱ्या शेतकऱ्यांची नावे, सह्याद्रीतल्या दुर्मिळ आमरींची (ऑर्किडची) नेमकी ठिकाणे ही झाकूनच ठेवायला हवीत, आणि व्यक्तिगत माहितीच्या बाबतीत 2023 चा संरक्षण कायदाही आहे. काय उघडे ठेवायचे आणि काय नाही, याचा निर्णय प्रकल्पाच्या सुरुवातीलाच गटाने एकत्र बसून घ्यावा. निबंध छापायच्या आदल्या रात्री तो नीट घेता येत नाही.

केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजनेसाठी 2025 ते 2027 या तीन वर्षांकरिता सुमारे 6,000 कोटी रुपयांची तरतूद केली आणि त्यामुळे लहान महाविद्यालयांतही जगातली नियतकालिके वाचता येऊ लागली, याचे मी स्वागत करतो. दुसऱ्यांचे विज्ञान वाचण्यासाठी एवढा खर्च करण्याची तयारी असलेल्या देशाने आपले विज्ञान नीट मांडून जगापुढे ठेवण्यासाठी त्याचा अगदी लहान अंश बाजूला काढला, तरी शेकडो मदतनीसांचे पगार त्यात भागतील. यंत्रांना पैसे मिळतात, नियतकालिकांना मिळतात. शिकवणाऱ्या माणसांना मात्र ‘प्रशिक्षण’ या शीर्षाखालचे उरलेसुरले मिळते, ही तऱ्हा बदलायला हवी.

माझी सूचना अशी की पुण्यातील संस्थांपैकी कोणीही एकाने येत्या सत्रात पुढाकार घ्यावा आणि चार ते सहा गटांची पहिली फेरी सुरू करावी. त्यांत किमान एक गट एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाचा असावा, आणि प्रमुख संशोधक दर बैठकीला हजर राहणार असेल तरच गटाला प्रवेश द्यावा. फेरीच्या शेवटी भाषणे ठेवू नयेत. प्रत्येक गटाने आपले एक विश्लेषण दुसऱ्या गटाच्या हाती द्यावे आणि त्यांना ते एका दुपारी, मूळ गटाला न विचारता, पहिल्यापासून चालवता येते का ते पाहावे. जिथे अडेल तिथली नोंद करून ती दुरुस्त करावी आणि ते सगळे साहित्य मराठी टिपणांसह उघडे ठेवावे. पहिल्या फेरीचा विषय म्हणून आंबेगाव, भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांतील डोंगरउतारांची निसारच्या डेटावरून पाहणी घेतली, तर जिल्हा प्रशासनाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षालाही त्यातून काही हाती लागेल. या कामात माझ्यासारख्या निवृत्त माणसांचा वेळ उपयोगी पडणार असेल, तर तो आम्ही विनामोबदला द्यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
शास्त्रीय संगणन विभागातील एक निवृत्त कर्मचारी,
पाषाण, पुणे